बेंबीभोवतीचं दुखणं

५ फेब्रुवारी २०१९, मंगळवार. धुंदलवाडीजवळ
नोव्हेंबरपासून जमीन हलतेच आहे. शुक्रवारच्या ४.१ च्या भूकंपाच्या धक्क्यानंतर तर मुलं इमारतीत झोपायला तयार नाहीत. मैदानात तंबू, खाली ताडपत्री, रात्रभर थंडी. आमचं पथक आश्रमशाळेत तपासणीला बसलं, तर रांगेत एकीमागून एक मुली तेच सांगत होत्या, "ताई, पोटात दुखतं." कुठं म्हटलं की हात बेंबीवर. ताप नाही, उलटी नाही. "शाळा बुडवायची नाटकं," एक गुरुजी म्हणाले. मला पटलं नाही. अर्धं ताट टाकून उठणारं पोर नाटक करत नसतं.

जंतांचा संशय आधी घ्यायलाच हवा. पण अल्बेंडाझोल घेऊनही दुखणं येतजात राहिलं, तर पुढे बघावं लागतं.

७ फेब्रुवारी
चौथीतली एक मुलगी. पोट चाचपलं, तर डाव्या बाजूला खाली घट्ट गोळे हाताला लागले. परसाकडं कधी गेली होतीस विचारलं, तर मान खाली. मैत्रीण पुढे झाली, "संडासात असताना हाललं तर भिंत पडंल ना!" स्लॅबखाली कडी लावून बसायची हिंमत होत नाही, म्हणून मुली दिवसेंदिवस रोखून धरतात. मळ आत सुकतो, आतडं ताणलेलं राहतं, मग जाणीवच बोथट होते आणि पुढच्या वेळी जास्तच दुखतं. शिवाय भीतीने आतड्याची चाल बिघडते ती वेगळीच. कुणाला मुरडा येऊन जुलाब, कुणाला खडा. पण सगळ्यांचं दुखणं खरंच असतं.

अ‍ॅपली आणि नेश या डॉक्टरांनी ब्रिस्टलकडची शाळकरी मुलं तपासून १९५८ साली लिहिलं होतं, की साधारण दहांत एका मुलाचं पोट असं वारंवार दुखतं. त्यातल्या बहुतेकांच्या तपासणीत काही सापडत नाही. म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

११ फेब्रुवारी
मुलीचे वडील आले. भगताचा दोरा तिच्या मनगटात होता. त्याबद्दल मी काही बोलले नाही. "सोनोग्राफी काढू का, बाय?" उसने पैसे काढायची तयारी होती. वजन घटलेलं नाही, रक्त पडत नाही, रात्री दुखण्याने झोप मोडत नाही. आत्ता गरज नाही, असं समजावलं. लॅक्टुलोज, भरपूर पाणी, आणि जेवणानंतर दहा मिनिटं बसवायचं. तेव्हा आतडं आपसूक हलतं.

तपासणीच्या रांगेत एक मुलगाही होता. त्याचं उजवीकडं खाली दुखतं, रात्री जागा होतो, संध्याकाळी कणकण, मागच्या कार्डापेक्षा वजन कमी. आजोबांना क्षय. याला भीतीचं पोट म्हणून सोडलं, तर तो माझा गुन्हा. कासा उपजिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली, गाडीची सोयही केली.

१४ फेब्रुवारी
अधीक्षिकाबाईंनी मैदानाच्या कडेला बांबू आणि ताडपत्रीचे आडोसे उभे केले. वर छप्पर नाही, हेच मुलींना हवं होतं. कामाठीमावशी पहाटेच पाण्याच्या बादल्या भरून ठेवतात. चौथीतल्या मुलीचं पोट दोन दिवसांत मोकळं झालं. दुखणं अजून अधूनमधून आहे, औषध काही आठवडे चालू ठेवायचं. मुलाच्या थुंकीचा अहवाल यायचा आहे. उद्या तलासरीच्या दोन शाळा. तिथं आधी संडास बघायचे.