डहीचे पाणी आणि माशांचा शेजार

मुंबई–आग्रा रस्त्याने धुळे आणि शिरपूर मागे टाकून पळासनेरपाशी महाराष्ट्राचा निरोप घेतला की बिजासनचा घाट लागतो. घाट चढून सेंधवा, तेथून बडवानी, मग नर्मदेवरील पूल आणि पलीकडे कुक्षी, असा हा मार्ग आहे. कुक्षीहून पश्चिमेकडे गेल्यावर डही येते. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याचा हा कोपरा. मका आणि कापूस यांची शेते, बांधावर उंच वाढलेले ताड, टेकड्यांवर विखुरलेली भिल्ल व भिलाला बांधवांची घरे, आणि होळीच्या आधीच्या आठवड्यात ढोल-मांदळाच्या नादाने दुमदुमणारा भगोरिया हाट, असे या मुलखाचे रूप आहे. ख्रिस्तसभेच्या व्यवस्थेत हा जिल्हा २००२ मध्ये स्थापन झालेल्या झाबुआ धर्मप्रांतात मोडतो.

मराठी माणसाला ही भूमी परकी नाही. धारला पवारांची गादी होती. त्याच कुळातील तुकोजी व जिवाजी या दोघा बंधूंच्या वंशजांनी देवास येथे एकाच नगरीत दोन राज्ये चालविली. थोरली पाती आणि धाकटी पाती या नावांनी ती १९४८ पर्यंत शेजारी शेजारी नांदली. एका गावात दोन राजे कसे राहिले? प्रत्येकाची हद्द ठरलेली होती, म्हणून. हा दाखला पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

डहीच्या दक्षिणेस नर्मदामाई आहे. एके काळी ती खडकांवरून खळाळत, मध्येच खोल डोहात विसावत पश्चिमेकडे जाई. गुजरातेतील सरदार सरोवर धरण सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले, आणि या भागातील नदीचे सरोवर झाले. धरणाचा फुगवटा दोनशे किलोमीटरांहून अधिक लांब आहे. याच जिल्ह्यातील निसरपूर आणि चिखलदा या गावांनी आपली घरे, देवळे आणि बाजार पाण्याखाली जाताना पाहिले. त्या कुटुंबांचे दुःख थोडक्या शब्दांत मावणारे नाही.

पाणी बदलले तसे पाण्यातील रहिवासीही बदलले. नर्मदेचे वैभव म्हणजे महसीर. त्याला तिकडे बाडस म्हणतात. मध्य प्रदेशाने २०११ मध्ये त्याला राज्यमाशाचा मान दिला. परंतु महसीराला वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी हवे. पावसाळ्यात अंडी घालावयास गोट्यांचा स्वच्छ तळ हवा. पाणी थांबले आणि तळावर गाळ बसला की त्याचे कुळ रोडावते. उलट कटल्यासारखे मासे संथ पाण्यात चांगले वाढतात. मासा वाईट नव्हता आणि पाणीही वाईट नव्हते. दोघांची जोडी मात्र जमली नाही.

काठावर जाळी विणीत बसणाऱ्या केवट आणि कहार बंधूंना हे शास्त्र कोणी शाळेत शिकविलेले नाही. ते त्यांच्या हातात आहे. कोणता मासा कोठे लागेल हे ते जाळे टाकण्यापूर्वीच जाणतात. कटल्याचे तोंड वर वळलेले असते; तो पृष्ठभागालगतचे अन्न टिपतो. रोहू मधल्या थरात फिरतो. मृगळाचे तोंड खाली असते. तो तळावरील कुजलेला पाला वेचतो. तिघेही एकाच पाण्यात राहतात, पण तिघांची पाने वेगवेगळ्या पंक्तीत मांडलेली असतात. म्हणूनच देशभरच्या शेततळ्यांत हे तिघे एकत्र सोडण्याची रीत पडली आहे. मात्र त्याच तळ्यात मरळ शिरली तर ती पिलांचा फडशा पाडते. तेव्हा तळे तयार करताना मरळीला आधी बाहेर काढावे लागते.

वाचकहो, ही नदीकाठची गोष्ट आपल्या ओटीवर आणण्याचे कारण असे की, हल्ली आपल्या गावांतील पुष्कळ घरांत काचेची मत्स्यपेटी दिसते. मुलाच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाला किंवा नाताळला ती भेट म्हणून येते. दुकानात रंग पाहून मासे निवडले जातात: एक सोनेरी, एक काळा, दोन पट्टेरी. आठवड्याभरात एक नाहीसा होतो, दुसऱ्याचे पंख कुरतडलेले दिसतात, तिसरा पोट वर करून तरंगतो. मूल रडते, आणि वडील म्हणतात, मासेच नाजूक होते. वस्तुतः दोष बहुधा सोबतीच्या निवडीचा असतो.

सोबत निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, पाणी. गप्पी, मोली, प्लॅटी यांना क्षारयुक्त जड पाणी मानवते. ज्यांच्या विहिरीचे पाणी जड आहे त्यांनी हेच मासे आणावेत. निऑन टेट्रा हा अॅमेझॉनच्या खोऱ्यातील मऊ पाण्याचा रहिवासी. सोनमाशाला थंड पाणी रुचते आणि तो घाणही फार करतो. त्याला त्याच्याच जातभाईंसोबत मोठ्या पेटीत ठेवावे. दुसरी गोष्ट, आकार. ज्याच्या तोंडात दुसरा मावतो, तो त्याला आज ना उद्या गिळतो. एंजल मासा शांत व देखणा दिसतो, परंतु मोठा झाला की निऑनला खातो. ऑस्कर तर फूटभर वाढतो. तिसरी गोष्ट, स्वभाव. फायटरचे दोन नर एका पेटीत ठेवले तर जिवावर उठतात. तेथे देवासच्या दोन पात्यांसारखी वेगळी हद्दच लागते. टायगर बार्ब लांब पंखांच्या माशांना टोचे मारतो. चौथी गोष्ट, थर आणि थवा. टेट्रा, बार्ब किंवा तळाला राहणारे कोरिडोरस यांचे सहा तरी एकत्र असावेत. एकटा पडलेला मासा भिऊन कोपऱ्यात दडतो आणि खाणे सोडतो.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत काठोकाठ भरल्यास सुमारे ५६ लिटर पाणी मावते. तिच्यात वरच्या थरासाठी पाच गप्पी नर, मधल्या थरासाठी चार प्लॅटी आणि मऊ वाळूच्या तळावर सहा कोरिडोरस एवढा परिवार पुरे. प्लॅटीमध्ये एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात. म्हणजे एकाच मादीला त्रास होत नाही.

हा परिवारही एकदम आणू नये. माशांच्या मलातून विषारी अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे सूक्ष्म जीव गाळणीत वसावयास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून प्रथम थोडे मासे आणावेत, काही आठवड्यांनी आणखी थोडे. प्रत्येक नवा मासा दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून त्याला रोग नाही याची खात्री करून घ्यावी. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. सगळे पाणी एकदम ओतून देऊ नये.

आणि एक कळकळीची विनंती. पेटीत न मावणारा मासा दया म्हणून बावखलात किंवा ओढ्यात सोडू नका. काच चाटणारा सकर मासा दुकानात बोटाएवढा असतो; तो दीड फुटांपर्यंत वाढतो, काठांत बिळे करतो आणि इतरांचे अन्न संपवितो. थाई मांगूर नावाने विकला जाणारा आफ्रिकी मांगूर तर आपल्या देशात २००० सालापासून निषिद्ध आहे, कारण तो दिसेल ते गिळतो. आपल्या वडिलांनी खणलेली बावखले ही वाड्यांची जीवनदायिनी आहेत. नको झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा, किंवा मोठी पेटी असलेल्या शेजाऱ्याला.

संत अंतोनी रिमिनी येथे माशांना उपदेश करू लागला, तेव्हा लहान मासे काठाजवळ, मधले त्यांच्या मागे आणि मोठे खोल पाण्यात, असे सारे शांतपणे उभे राहिले, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रत्येकाला त्याच्या मापाचे पाणी आणि त्याची जागा मिळाली, म्हणून त्या सभेत कोणी कोणाला गिळले नाही. परमेश्वराने ही व्यवस्था नदीत पूर्वीपासूनच करून ठेविली आहे. मनुष्य जेव्हा पाण्याची पेटी, तळे अथवा धरण बांधतो, तेव्हा ही व्यवस्था राखण्याचे ओझे त्याच्या शिरावर येते. या नाताळात मुलाच्या हाती मत्स्यपेटी देणाऱ्या मातापित्यांनी तिच्याबरोबर एवढे ओझेही त्याच्या खांद्यावर ठेवावे. ते त्याला पुढे शेजाऱ्यांत आणि संसारात उपयोगी पडेल.