आवाज वाढवला, तरी कळत नाही

दिवाळीच्या सुट्टीत घरात पंधरा-वीस माणसं जमली, की त्यांतल्या डॉक्टर नातेवाइकाकडे सगळे आपापल्या फायली घेऊन येतात. कुणाची शुगर, कुणाचा गुडघ्याचा एमआरआय, कुणाच्या गोळ्या बदलायच्या असतात. पण एक तक्रार घेऊन सहसा कुणी येत नाही. ज्याला ती असते, त्याला ती जाणवलेली नसते किंवा मान्य नसते. घरच्यांनी तिला भलतीच नावं दिलेली असतात. "बाबांचं हल्ली लक्षच नसतं." "आजी फार चिडचिड करते." "काकांना आता गर्दी आवडत नाही." ही तक्रार म्हणजे वयानुसार कमी होत जाणारं ऐकू येणं.

आमच्या मोठ्या काकांचं उदाहरण त्यांच्या परवानगीने सांगतो. वय ७४, स्वभाव गप्पिष्ट. गेल्या दिवाळीत सगळे हाऊजी खेळायला बसले होते. भाचा नंबर पुकारत होता, बाहेर फटाके, आत कुकरच्या शिट्ट्या. 'साठ' पुकारलं, काकांनी ८ खोडला. असं दोन-तीनदा झालं. मग त्यांनी मधली ओळ पूर्ण झाल्याचं सांगितलं आणि ती 'बोगी' निघाली. पोरं हसली. काका म्हणाले, "तुमचं चालू द्या," आणि टीव्हीसमोर जाऊन बसले.

त्याच दिवशी चुलतभावाने दिवाळीच्या ऑफरमध्ये साउंडबार आणला होता. टीव्हीचा आवाज रोज चाळिशीपार जातो, यावर त्याने काढलेला हा उपाय. दोन तास केबल, रिमोट आणि ब्लूटूथशी झटापट झाली. शेवटी असा दणका बसला की खिडकीची काच थरथरली. काकांनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "आवाज भरपूर आहे रे, पण बोलतायत काय ते कळत नाही."

या एका वाक्यात निदान आलं.

आपल्या आतल्या कानात शंखाच्या आकाराचा एक छोटा अवयव असतो, कॉक्लिया. त्यात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात, प्रत्येक कानात साधारण १५ हजार. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी बारीक, उंच पट्टीचे आवाज टिपतात, आणि वयानुसार सर्वांत आधी झिजतात त्या याच. आत, टोकाकडे असलेल्या पेशी जाड, खालच्या पट्टीचे आवाज टिपतात. त्या बऱ्याच काळ शाबूत राहतात.

आता बोलण्याकडे पाहा. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस असतात. स, श, फ यांसारखी व्यंजनं उंच पट्टीतली आणि दुबळी असतात. स्वरांमुळे आवाज 'मोठा' वाटतो, पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांमुळे. 'साठ'मधला स निसटला, की उरतं 'आठ'. काकांनी जे ऐकलं, तेच खोडलं. त्यांचं लक्ष पूर्णपणे खेळात होतं.

साउंडबारने का काम केलं नाही, हेही यातूनच कळतं. त्याने जाड आवाज आणखी वाढवला. जो आवाज त्यांना आधीच ऐकू येत होता, तोच दुप्पट झाला आणि त्याखाली व्यंजनं आणखी दबली. शिवाय या प्रकारच्या बहिरेपणात हळू आवाज ऐकू येत नाही आणि थोडा वाढवला की एकदम असह्य होतो. म्हणून आजोबा आधी "काय?" विचारतात आणि आपण मोठ्याने सांगितलं की "ओरडतोस कशाला?" म्हणतात. हा तिरसटपणा नाही, हे त्या आजाराचंच लक्षण आहे.

दुसऱ्या दिवशी पत्त्यांचा डाव मांडला, बदाम सात. काका रात्री एक वाजेपर्यंत उठले नाहीत. या खेळात कुणाचं काही ऐकावं लागत नाही, पान समोर दिसतं. त्यांना गर्दी नकोशी झाली नव्हती. गर्दीत दर वाक्याला अंदाज बांधून ते थकत होते.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार ६० वर्षांवरील २५ टक्क्यांहून अधिक लोकांना दैनंदिन व्यवहारात अडथळा येईल इतकं कमी ऐकू येतं. ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलणं कमी करतो आणि एकटा पडतो. स्मृतिभ्रंशाची जी कारणं टाळता येण्यासारखी आहेत, त्यांच्या यादीत 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ समितीने २०१७ पासून श्रवणदोषाचा समावेश केला आहे. मात्र श्रवणयंत्र लावलं की स्मृतिभ्रंश टळतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. २०२३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत तीन वर्षांनंतर एकूण गटात फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता, त्यांच्यात आकलनशक्तीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावलेली आढळली.

मग करायचं काय? आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. कधीकधी नुसता मळ साचलेला असतो. तो काढताना घरी काडी, पिन किंवा कोमट तेलाचे प्रयोग नकोत. त्यानंतर ऑडिओमेट्री. ही तपासणी साधी असते, अजिबात दुखत नाही. काकांच्या आलेखाची रेघ डावीकडे जवळपास सरळ होती आणि उजवीकडे, उंच पट्टीच्या बाजूला, घाटासारखी उतरत गेली होती. श्रवणयंत्र त्या आलेखानुसार लावतात: जिथे कमी तिथे भर घालायची, मोठ्या आवाजाला मर्यादा घालायची. सगळेच आवाज सरसकट वाढवणारी स्वस्त यंत्रं हे करू शकत नाहीत. मेंदूला नव्या आवाजांची सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्या चार दिवसांत भांड्यांचा आवाज खुपतो म्हणून यंत्र कपाटात ठेवू नका. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांसाठी केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्राची सोय आहे.

घरातल्या तंत्रज्ञांनीही जरूर खटपट करावी. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये 'स्पीच' किंवा 'क्लिअर व्हॉइस'सारखा पर्याय असेल तर तो निवडा. सराउंड बंद करा, बेस कमी करा, ट्रेबल वाढवा. सबटायटल सुरू करा. श्रवणयंत्राच्या छोट्या बॅटऱ्या मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळल्या तर जिवावर बेतू शकतं, लगेच रुग्णालय गाठावं लागतं.

एका बाबतीत अजिबात थांबायचं नाही. एका कानाने एकाएकी किंवा दोन-तीन दिवसांत कमी ऐकू यायला लागलं, तर ती तातडीची बाब आहे. "सर्दीने दडा बसला असेल" म्हणून आठवडा घालवू नका. औषधाचा उपयोग लवकर सुरू केल्यावरच जास्त होतो.

या सुट्टीत घर भरलं, की पंगतीत कोण गप्प बसलंय, सगळ्यांबरोबर पण थोडं उशिरा कोण हसतंय, हे जरा पाहा. त्यांच्याशी समोर बसून, उजेडात, सावकाश बोला. ओरडू नका. वाक्य समजलं नाही तर "जाऊ दे, काही नाही" म्हणू नका, वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगा. आणि सुट्टी संपायच्या आत तपासणीची वेळ घेऊन टाका.