अहवालाचं दुसरं पान

मानसशास्त्रीय चाचणी म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. परका माणूस तासाभरात एक आकडा काढणार आणि तो पोराला जन्मभर चिकटणार, एवढंच मला त्यात दिसायचं. २०१६ साली बोर्डानं दहावीला कलचाचणी आणली, तेव्हा स्टाफरूममध्ये मी तावातावानं बोलले होते. त्या चाचणीबद्दल आजही माझं मत तेच आहे. आमच्या विठ्ठलवाडीतल्या मुलानं घर, दुकान आणि उल्हासनगरातले जीन्सचे कारखाने यापलीकडे काही पाहिलंच नसेल, तर तो आवड तरी कशाची सांगणार?

बुद्धिमापनाबाबत मात्र मी फिरले, तेही एका मुलामुळे. तोंडी उत्तरं फटाफट. वहीत जोडाक्षरं गायब, फळ्यावरच्या अर्ध्या ओळी गाळलेल्या. आई त्याला लोकलनं शीवला घेऊन गेली. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी तेव्हा इकडचे पालक मुंबईतली मोठी रुग्णालयंच गाठत.

अहवालाच्या पहिल्या पानावर बुद्ध्यंक होता, चारचौघांसारखा. खरा मजकूर दुसऱ्या पानावर. त्याला दिलेली बुद्धिमापन चाचणी वेक्स्लरची होती, मालिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी बसवलेली. तिच्या अकरा उपचाचण्यांचे गुण तिथे सुटे सुटे मांडले होते. ठोकळ्यांच्या रचनेत पोरगा एकदम वर, अंकस्मरणात पार खाली. त्यात परीक्षक सेकंदाला एक या गतीनं आकडे म्हणतो. मुलानं ते आधी तसेच आणि मग दुसरे काही आकडे उलटे म्हणून दाखवायचे. शेजारी टीप होती: उलटे म्हणताना मुलगा बोटानं मांडीवर आकडे लिहितो.

शाळेत इतकं निरखून त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. आम्ही त्याला आळशी म्हणत होतो. त्या टिपेनंतर मी त्याला एका वेळी एकच सूचना देऊ लागले आणि आकडेमोडीला बाजूला कोरा कागद. परीक्षेत जादा वेळ मिळाला तो प्रमाणपत्रामुळे. पण शिकवण्याची दिशा मिळाली त्या एका ओळीतून.

मग मी चाचण्यांबद्दल वाचत गेले. बिनेची बुद्धिमापन चाचणी १९०५ सालची, पॅरिसची. वि. वि. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवून १९३४ मध्ये त्यावर लिहिलं. मूल कोणत्या भाषेत विचार करतं, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच हाताशी घेतला होता. आणखी एक गोष्ट कळली: जुन्या मानकांवर आजचं मूल मोजलं की बुद्ध्यंक फुगतो, आणि खरंच मतिमंदत्व असलेल्या मुलाची सवलत त्यात हुकू शकते.

आता पालक नुसतं प्रमाणपत्राची झेरॉक्स घेऊन आले, की मी पूर्ण अहवाल मागते. "मॅडम, सही-शिक्का आहे ना, बाकीचे कागद कशाला?" असं एका आईनं विचारलं. घरी भोजपुरी बोलणाऱ्या त्यांच्या मुलीची शाब्दिक चाचणी मराठीत घेतल्याचं त्या बाकीच्या कागदांतच निघालं. फेरतपासणीचा अर्ज आम्ही दोघींनी मधल्या सुट्टीत लिहिला.