गाडी रडतेय रे!

तर झालं असं, की गेले महिनाभर आमच्या गाडीतून एक आवाज येत होता. "ऊंऽऽऽ" असा. चाळीसपर्यंत काही नाही. पंचेचाळीसला हळूच सुरू, साठला खोलीत भुंगा शिरल्यासारखा, आणि ऐंशीला तर लांबून विमान येतंय की काय असं वाटावं!

ह्यावर एका इंजिनिअरनं काय करावं? मी गाण्यांचा आवाज वाढवला. :)

पण बाबा मागच्या सीटवर बसायचे. दर वेळी म्हणायचे, "अरे, गाडी रडतेय रे. मागच्या चाकातून येतंय बघ." मी तोऱ्यात सांगायचो, "बाबा, तो टायरचा आवाज आहे. टायर झिजले की असं होतं." बाबा गप्प. मुलगा इंजिनिअर, त्याला जास्त कळतं! खरं म्हणजे मी एकदाही वाकून टायर बघितले नव्हते.

मग ठरलं श्रीवर्धनला आत्याकडे जायचं. आई, बाबा, बायको आणि आमचं दीड वर्षाचं पिल्लू. म्हणजे सगळं घर एका गाडीत, आणि वाटेत ताम्हिणी घाट. आदल्या विकांताला बायकोनं शांतपणे विचारलं, "हापिसात सर्व्हर असा रडत असता तर तसाच प्रॉडक्शनला सोडला असतास का?"

आता बोला!

रविवारी पहाटे सहाला गाडी काढली. बाबांना शेजारी बसवलं, गाणी बंद. हापिसात बग शोधताना जे करतो तेच करायचं ठरवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फरक पडतो का ते बघायचं.

पहिला प्रश्न, आवाज इंजिनाचा की चाकांचा? रिकाम्या सरळ रस्त्यावर साठच्या वेगाला आधी पाचव्या गिअरमध्ये चालवली, मग तिसऱ्या. इंजिन जास्त जोरात फिरायला लागलं, पण "ऊंऽऽ"चा सूर तोच. क्लच दाबला, तरी तोच. म्हणजे इंजिन, अल्टरनेटर, पट्टे वगैरे मंडळी निर्दोष सुटली. ॲक्सिलरेटर दाबून आणि सोडून पाहिला, तरी सूर हलला नाही. त्यामुळे गिअरबॉक्सवरचा संशयही बराच कमी झाला. (हे करताना इंजिन बंद करायचं नाही हं! पॉवर स्टिअरिंग जातं आणि ब्रेकही जड होतात.)

दुसरा प्रश्न, टायर की बेअरिंग? हे दोघे अगदी जुळे भाऊ. दोघांचाही सूर वेगाबरोबर चढतो. पण टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. डांबरी रस्ता संपून सिमेंटचा सुरू झाला तेव्हा टायरची सळसळ बदलली, "ऊंऽऽ" मात्र जसाच्या तसा. माझं महिनाभराचं पांडित्य तिथंच गळून पडलं. बाबांकडे बघायची हिंमत झाली नाही.

तिसरा प्रश्न, कुठलं चाक? उजवीकडच्या लांबलचक वळणावर गाडीचं वजन डाव्या चाकांवर येतं. तिथं आवाज एकदम वाढला. डावीकडच्या वळणावर जवळजवळ गेलाच. म्हणजे डावी बाजू. बाबा म्हणाले, "मागचंच असणार."

गॅरेजवाल्या काकांनी गाडी जॅकवर घेतली. मागचं चाक फिरवलं, लोण्यासारखं फिरलं. मग पुढचं डावं. एका हातानं चाक फिरवत काकांनी माझा दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला. बारीक खरखर थेट बोटांत आली. पुढचं डावंच! धातूच्या सांगाड्यातून आवाज कुठून कुठं पोहोचेल ह्याचा नेम नसतो. त्यामुळे कानांना जागा नेमकी सांगता येत नाही.

प्रेसवर दाबून जुनं बेअरिंग काढलं. हातात घेऊन फिरवलं तर आत वाळू भरल्यासारखं वाटत होतं. काकांनी ते कापून दाखवलं. गोळ्या ज्या कड्यावरून धावतात, त्यावर बारीक खळगे पडले होते. आमच्या १६५/८० आर १४ टायरचा घेर साधारण १.९५ मीटर. म्हणजे साठच्या वेगाला चाक सेकंदाला साडेआठ वेळा फिरतं, आणि प्रत्येक फेरीत कितीतरी गोळ्या त्या खळग्यांवरून जातात. त्याचाच हा "ऊंऽऽ". काका म्हणाले, "सील गेलं, पाणी शिरलं, ग्रीस धुऊन गेलं. अजून चालवली असती तर चाक हलायला लागलं असतं. घाटात म्हणजे..." पुढचं ते बोलले नाहीत. मला पिल्लाची सीट दिसत होती.

बाबांचं चाक चुकलं, पण गाडी रडतेय हे त्यांना पहिल्या दिवशी कळलं होतं. मला सगळ्या चाचण्या माहीत होत्या, आणि मी महिनाभर गाणी ऐकत बसलो. ते विचारत होते आणि मी उत्तर फेकून त्यांना गप्प करत होतो. घरी येताना त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "असू दे रे. आता नीट झाली ना?"

पुढच्या शनिवारी घाट उतरताना गाडी इतकी शांत होती, की बाबा आणि पिल्लू दोघंही झोपून गेले. असो. त्या शांततेत डॅशबोर्डमधून एक नवीन टिकटिक ऐकू आली. बाबा जागे झाले की सगळ्यात आधी त्यांनाच विचारणार आहे.