दोष आत की बाहेर?

महिन्याची २० तारीख होती. इंदूरच्या त्या घरात सकाळी साडेनऊला सून कामाच्या टेबलाशी बसली, लॅपटॉप उघडला आणि तिच्या छातीत धस्स झाले. समोरचे दोन्ही मोठे पडदे काळेठिक्कर!

पाच-सहा व्यापाऱ्यांचे हिशेब ती घरूनच पाहते. जीएसटीचे मासिक ३बी विवरणपत्र भरण्याची ती शेवटची तारीख. एका पडद्यावर खरेदी-विक्रीची नोंद, दुसऱ्यावर सरकारी पोर्टल, असे समोर ठेवून आकडे ताडून पाहायची तिला सवय. लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर हे काम झाले असते, पण दुप्पट वेळ खाऊन. आणि उशीर झाला की भुर्दंड व्यापाऱ्याला, बोल तिला.

टेबलावर डॉकिंग स्टेशनची एक छोटी डबी असते. लॅपटॉपमधून एकच तार तिच्यात येते आणि पुढे दोन मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस यांना फाटे फुटतात. पहाटे आप्पांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, ते टेबल पुसले होते. तिने बसल्या जागेवरून विचारले, "आप्पा, तुम्ही इथल्या तारांना हात लावलात का?"

शब्द साधे होते, सूर साधा नव्हता.

"नाही गं. वरवर फडकं फिरवलं फक्त," एवढे म्हणून आप्पांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. सासूबाईंनी ठेवलेला चहा दोघांच्याही पुढ्यात निवून गेला.

तिला जमेल तेवढे तिने केले. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. विंडोजची कळ आणि 'पी' एकदम दाबून पडदे 'एक्स्टेंड'वर आहेत ना, ते पाहिले. मॉनिटरच्या बटनाने एचडीएमआयच निवडलेले आहे, याची खात्री केली. डॉकची वीज काढून अर्धा मिनिट थांबून परत जोडली. काळोख तसाच. शेवटी दुकानदाराला फोन लावला. त्याने काही न पाहताच सांगितले, "डॉक गेला असेल. नवा घ्या, दहा-बारा हजारांपर्यंत येईल."

हा आकडा ऐकून मात्र आप्पा उठून आले. त्यांची नोकरी टेलिफोन खात्यात गेली. २००० साली खात्याचे बीएसएनएल झाले, तेव्हाही ते एक्सचेंजमध्येच होते. फोन बंद असल्याची तक्रार आली की, रस्त्यावरून येणारी तार आणि एक्सचेंजची तार जिथे भेटतात त्या घोड्यावर आधी दोघींना वेगळे करायचे, मग एकेक बाजू तपासायची. दोष आत की बाहेर, हे ठरल्याशिवाय कुणीही शिडी उचलायची नाही, असा तिथला रिवाज.

"मॉनिटर काय म्हणतोय?" त्यांनी विचारले.

"सिग्नल नाही म्हणतो आणि झोपतो."

"म्हणजे तो जिवंत आहे. मेला असता तर एवढंही बोलला नसता. कधीपर्यंत चालत होता?"

"शनिवारपर्यंत."

हा प्रश्न महत्त्वाचा होता. नवीनच जोडणी असती, तर शंका वेगळ्या घ्याव्या लागल्या असत्या. काही डॉकना डिस्प्लेलिंक नावाचे सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घालावे लागते. २०२० साली आलेल्या एम१ चिपच्या मॅकबुकवर तर मुळात बाहेरचा एकच पडदा चालतो. पण जे परवापर्यंत चालत होते, त्यात मधल्या काळात काहीतरी बदलले असले पाहिजे.

"एका वेळी एकच गोष्ट बदल," आप्पा म्हणाले. तिने एका मॉनिटरची एचडीएमआय तार डॉकमधून काढून थेट लॅपटॉपला लावली. पडदा लख्ख उजळला. मॉनिटर ठीक, ती तारही ठीक.

"आता डॉक. कीबोर्ड त्याच्यातूनच चालतो ना? लॅपटॉप चार्ज होतोय?"

दोन्ही होत होते. डॉकला वीज होती, लॅपटॉपशी त्याचे बोलणेही चालू होते. फक्त चित्र पोचत नव्हते. "मग मधली तार बघ," आप्पा म्हणाले.

तिने ती तार हातात घेतली आणि थबकली. तार जरा बारीक होती. तिला शनिवारची रात्र आठवली. फोन चार्ज करायला तार सापडेना, म्हणून तिनेच डॉकची तार उपसून खोलीत नेली होती. रविवारी रात्री परत जोडताना हाताला आली ती फोनची.

दोन्ही तारांची टोके हुबेहूब सारखी. २०१४ साली आलेल्या यूएसबी-सीच्या टोकात २४ संपर्क बसवता येतात, पण प्रत्येक तारेत ते सगळे जोडलेले असतातच असे नाही. निव्वळ चार्जिंगच्या तारेत वीज वाहते, कीबोर्ड आणि माउसपुरता संदेशही जातो. चित्रासाठी लागणाऱ्या वेगवान जोड्या मात्र तीत नसतात. त्यामुळे बाकी सगळे चालते आणि पडदे तेवढे अंधारात राहतात.

तिने खोलीतून जाड तार आणून लावली. क्षणभर दोन्ही पडदे लुकलुकले आणि उजळले. दहा-बारा हजार वाचले, दिवसही वाचला.

"आप्पा, सकाळी मी उगाच..." तिला पुढे बोलता येईना.

"आधी विवरणपत्रं भर," ते म्हणाले. "एक्सचेंजमध्ये सगळ्यात आधी लाइनमनवरच संशय यायचा. सवय आहे मला." ते हसले, पण ते क्षणभर उशिराने हसले, हे तिच्या लक्षात आले.

संध्याकाळी सहाच्या आत शेवटचे विवरणपत्र गेले. ती उठून स्वयंपाकघरात गेली, आले घालून दोन कप चहा केला आणि आप्पांच्या शेजारी येऊन बसली. या वेळी चहा निवला नाही.

दुसऱ्या दिवशी टेबल पुसलेले होते. जाड तारेच्या दोन्ही टोकांना लाल चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि तिच्यावर आप्पांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले होते, 'पडद्याची'.