दुखत नाही, हेच दुखणे

मराठी भाषेने मानेला जितके राबवले आहे तितके हमालालाही कोणी राबवले नसेल. चूक झाली की ती खाली घालायची, बढती मिळाली की ताठ ठेवायची, साहेबापुढे तुकवायची आणि गाण्याच्या बैठकीत समजो न समजो डोलवायची. हे सगळे सांभाळून वर चार-साडेचार किलोंचे डोके जन्मभर उचलून धरायचे. या कामासाठी मणके किती, तर सात. जिराफालाही सात आणि उंदरालाही सातच. निसर्गाने इतका समाजवाद दुसऱ्या कुठल्या बाबतीत दाखवल्याचे माझ्या वाचनात नाही.

हे ज्ञान मला त्रेसष्टाव्या वर्षी झाले. तोपर्यंत मानेच्या आजारांपैकी 'स्पाँडिलायटिस' हा एकच शब्द मला ठाऊक होता. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तो पन्नाशीनंतर प्रत्येकाला असतोच. ज्याला नसेल त्याने तीस वर्षे लोकलने प्रवास केला की घरीच बसला होता, असा संशय घेतला जातो.

तळमजल्यावरचे नाना तर या विषयातले आमचे अध्यक्षच. गेल्या पावसाळ्यात त्यांची कळ मानेतून निघायची ती थेट अंगठ्यापर्यंत जायची. "फास्ट लोकलसारखी हो! मधे कुठे थांबा नाही." हात डोक्यावर ठेवला की तिला जरा उतार पडे. त्यामुळे नाना दिवसभर डोक्याला हात लावून बसत, आणि जाणारे-येणारे त्यांचे शेअर बुडाले असे समजून हळहळत.

माझी गोष्ट वेगळी होती. मला काहीच दुखत नव्हते.

फक्त शर्टाची बटणे लागत नव्हती. म्हणजे लागत, पण पहिल्या बटणापासून शेवटच्यापर्यंत येईस्तोवर आठ-अठ्ठावीस निघून गेलेली असे. खिशातली चिल्लर काढायला हात घातला की बोटांना रुपया कुठला आणि किल्ली कुठली ते कळेना. चालताना डाव्या पायातली चप्पल निसटून मागे राही आणि मी चार पावले पुढे गेल्यावर कोणीतरी ओरडून सांगे. बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जाई. शेवटी बँकेने माझा चेक परत पाठवला. सही जुळत नाही म्हणे. काउंटरवरच्या मुलीने मला नवा फॉर्म दिला आणि म्हणाली, "काका, आता जशी येते तशी करा." जशी आली तशी केली. ती पाहून माझे मलाच वाटले की या माणसाला आपण पैसे देऊ नयेत.

हे कोणाला सांगावे तर पहिला प्रश्न, "दुखतं का?" नाही म्हटले की समोरच्याचा उत्साहच मावळे. आपल्याकडे दुखल्याशिवाय आजाराला प्रतिष्ठा नाही.

नानांनी एका मणक्यांच्या सर्जनची वेळ घेतली होती. "तूही चल, एका रिक्षात काम होईल," म्हणाले. सौ.ही आली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझ्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारली आणि पाय असा उडाला की डॉक्टरांचा चष्मा थोडक्यात वाचला. मी अभिमानाने सौ.कडे पाहिले. "हे चांगलं नाही, काका," डॉक्टर म्हणाले. मग मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली, तर अंगठा आपणहून आत वळला. तेही चांगले नव्हते. दहा सेकंदांत मूठ किती वेळा उघडमीट होते ते मोजले. चांगल्या माणसाची वीस वेळा तरी होते. माझी अकराला थकली. मग दारूच्या संशयावरून पकडलेल्या माणसासारखे मला टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालायला लावले. मी सौ.च्या खांद्यावर जाऊन पोचलो.

आठवड्याने आमचे दोघांचे एमआरआय घेऊन पुन्हा तिघे हजर. एमआरआयच्या नळकांड्यात अर्धा तास पडून राहिलो होतो. आत असा ठोकठोक आवाज होतो की शेजारच्या फ्लॅटचे टाइल्सचे काम आपल्या कानातच काढले आहे. डॉक्टरांनी दोन्ही फिल्मा उजेडासमोर लावल्या आणि निकाल दिला. नानांना ऑपरेशन नको, मला हवे.

नाना संतापले. "अहो, मी इथे रात्ररात्र झोपत नाही, आणि मला नुसत्या गोळ्या? ह्याचं काडीचं दुखत नाही आणि ह्याला ऑपरेशन?" एखाद्या कनिष्ठाला आपल्या डोक्यावरून बढती मिळावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

डॉक्टरांनी समजावले. दोन मणक्यांमधली गादी सरकते किंवा झिजते, हाडाला कंगोरे येतात. (आपल्याकडे गादी फक्त मंत्र्यांचीच सरकते असे मी समजत होतो.) नानांच्या गादीने हातात जाणारी एक शीर दाबली होती. "ही तुमच्या एकट्याच्या फ्लॅटची वायर. ती जाम दुखते, पण बहुतेकांचं काही आठवड्यांत, महिन्या-दोन महिन्यांत औषधांनी आणि व्यायामाने शांत होतं. हाताची ताकद जायला लागली किंवा कळ हटेचना, तर मग ऑपरेशनचं बघू. काकांची दाबली गेलीय ती सगळ्या बिल्डिंगची मेन केबल." मज्जारज्जू तो हाच. जाडी करंगळीएवढी आणि खालच्या सगळ्या मजल्यांचा पुरवठा त्यातून. तो दाबला गेला तर दुखेलच असे नाही. नुसते दिवे मंद होत जातात.

"ऑपरेशननं ह्यांचे हात पहिल्यासारखे होतील ना?" सौ.ने विचारले.

"वहिनी, ऑपरेशनचा पहिला हेतू आहे ते टिकवणं. गेलेलं थोडंफार परत येतं बहुतेकांचं. किती, ते मी आज सांगू शकत नाही."

"आणि नाही केलं तर?"

"काही जण वर्षानुवर्षं आहेत तिथेच राहतात. बरेच जण पायरीपायरीने खाली येतात. आणि अशा मानेने एखादं पडणं फार महागात जातं."

परतताना रिक्षात कोणी बोलले नाही. नानासुद्धा. मी तेवढ्यात मनाशी हिशेब केला की आज आपण किती पायऱ्या उतरलेलो आहोत, आणि चपलेपर्यंत येऊन थांबलो.

पुढची भेट पर्यायांची. साडीच्या दुकानात एकामागून एक घड्या उलगडाव्यात तसे डॉक्टरांनी ते उलगडले. मानेला रस्ते दोन, पुढून आणि मागून. मागून गेले तर मणक्याची मागची कमान काढून टाकून जागा करायची आणि बहुधा स्क्रूंनी आधार द्यायचा. नाहीतर जपान्यांनी १९७०च्या दशकात काढलेली युक्ती वापरायची. कमान एका बाजूने कापायची, दुसऱ्या बाजूला बिजागरी ठेवायची आणि दारासारखी किलकिली उघडून तशीच पक्की करायची. भाडेकरूला न हलवता खोली वाढवण्याची ही विद्या डोंबिवलीत अजून आलेली नाही. बऱ्याच मणक्यांपाशी दाब असेल तर मागचा रस्ता बरा पडतो. माझा दाब दोनच ठिकाणी, पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांच्या मधे, आणि तोही पुढून. म्हणून पुढचा रस्ता.

"पुढून म्हणजे?"

"म्हणजे गळ्यावर, बाजूला एक छोटा छेद."

मान बिघडली म्हणून गळा कापणार! हा प्रकार मी व्यवहारात अनेकदा अनुभवला होता, पण आगाऊ लेखी संमती कोणी मागितली नव्हती. श्वासनलिका आणि अन्ननलिका हलकेच एका बाजूला सारायच्या, की मणके समोर. मग झिजलेली गादी काढायची, रज्जूवरचा दाब काढायचा, रिकाम्या जागी पिंजऱ्यासारखा छोटा ठोकळा बसवायचा आणि वर टायटॅनियमची पट्टी. कालांतराने दोन्हीकडचे हाड एकमेकांत जुळते. ही पद्धत अमेरिकेत रॉबिन्सन आणि स्मिथ यांनी १९५५ साली आणि होनोलुलूच्या क्लोवर्ड यांनी १९५८ साली मांडली. म्हणजे माझ्या जन्माआधीपासून लोक गळ्यातून मानेत जात आहेत, हे ऐकून जरा धीर आला.

हलती कृत्रिम गादीही मिळते. तिने मानेची हालचाल राहते, म्हणून मला तीच आवडली. पण माझे मणक्यांचे मागचे सांधे झिजलेले, त्यामुळे ती माझ्यासाठी नव्हती. "मग मान हलणारच नाही?" मी विचारले. डॉक्टर हसले. होकारार्थी मान हलते त्यातली जवळजवळ निम्मी हालचाल कवटी आणि पहिला मणका यांच्यात होते, आणि नकारार्थी हलते त्यातली निम्मी पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यांत. ते दोघे वर सुखरूप होते. "थोडी आखडेल, पण हो-नाही चालू राहील." माझ्या संसारात 'नाही'चा मणका फारसा वापरलाच गेलेला नाही, तो कोरा असणार याची मला खात्री होती.

संमतीपत्रावरची यादी मात्र हसण्यासारखी नव्हती. आवाज बसणे, गिळायला त्रास, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, खांद्याची ताकद जाणे, हाड न जुळणे, पुढेमागे शेजारच्या गाद्या झिजणे आणि क्वचित रज्जूलाच इजा. तंबाखू, सिगारेट असेल तर हाड जुळायला विशेष नाखूश असते. सही करायची वेळ आली तेव्हा माझी सही पाहून डॉक्टर म्हणाले, "म्हणूनच करतोय, काका."

दरम्यान सोसायटीत मोहरीचे तेल, मंतरलेला दोरा आणि कल्याणचे एक मान मोडून देणारे गृहस्थ सुचवून झाले होते. त्या गृहस्थांच्या वाऱ्यालाही उभे राहू नका, अशी डॉक्टरांची तंबी होती. दाबलेल्या रज्जूला झटका देणे म्हणजे तुटक्या फांदीवर मूल बसवणे.

ऑपरेशन अडीच तास चालले, असे सौ. सांगते. तिच्या हिशेबाने अडीच दिवस. शुद्धीवर आल्यावर मी आधी पायाची बोटे हलवली, मग हाताची. सगळी आपापल्या जागी होती. घशात मात्र अख्खी सुपारी अडकल्यासारखे वाटत होते आणि आवाज जुन्या रेडिओच्या शॉर्टवेव्हसारखा आला. दुसऱ्या दिवशी उभे करून चालवले, तिसऱ्या दिवशी घरी. दोन आठवडे पेज, गुरगुट्या भात आणि डॉक्टरांच्या हुकमावरून आइस्क्रीम. खांद्यांच्या मधे ठणका होता, तोही ओसरला. गळ्यात पट्टा सहा आठवडे. पट्ट्यात माणसाला मान खाली घालता येत नाही, त्यामुळे त्या काळात मी कोणापुढेच तुकलो नाही. वजन उचलायचे नाही, स्कूटर नाही. तीन महिन्यांनी फोटो काढला, हाड जुळायला लागले होते.

नानांची कळ एव्हाना गोळ्यांनी आणि व्यायामानेच गेली होती. ते रोज येऊन माझी जखम निरखत. गळ्याच्या सुरकुतीत ती इतकी दडली होती की त्यांना चष्मा लावूनही सापडेना. "एवढंसंच?" ते निराशेने म्हणत.

बोटे मात्र सावकाश आली. आधी चिल्लर ओळखू यायला लागली, मग चप्पल पायात टिकायला लागली. बटणे लागतात, फक्त गळ्याजवळचे सगळ्यात वरचे अजून हट्ट करते. ते सौ. लावते आणि लावताना माझ्याकडे न बघता जखमेवरून एकदा बोट फिरवते.

आणि पाचव्या महिन्यात सोसायटीच्या मेंटेनन्सचा माझा चेक परत आला. सही जुळत नाही! बँकेत तीच मुलगी होती. तिने कॉम्प्युटरवरची सही पाहिली, चेकवरची पाहिली.

"काका, ही सही चांगली आहे."

"हो ना?"

"म्हणूनच जुळत नाही. आता अशीच राहणार का ही?"

डॉक्टरांनी तशी लेखी हमी दिलेली नाही, असे मी सांगितले. तिने नवा फॉर्म पुढे सरकवला. "तीन ठिकाणी करा." केल्या. मी त्या चष्मा काढून पाहिल्या, लावून पाहिल्या. तिन्ही सारख्या आल्या होत्या.