सपाट जमिनीचा उतार

चेन्नई शहराच्या पश्चिम मांबलम भागात लेक व्ह्यू रोड नावाचा एक रस्ता आहे. त्या रस्त्यावर घरे आहेत, दुकाने आहेत, वाहनांची वर्दळ आहे; फक्त तलाव नाही. शंभर वर्षांपूर्वी तेथे एक लांबच लांब तलाव होता. १९२० च्या दशकात तो आटवून त्या जागेवर त्यागरायनगरची वसाहत उभारण्यास प्रारंभ झाला. तलाव गेला आणि नाव तेवढे मागे राहिले. नुंगंबाक्कमच्या तलावाचेही असेच झाले. त्याच्या जागी १९७६ पासून वळ्ळुवर कोट्टम हे कवी तिरुवळ्ळुवर यांचे स्मारक उभे आहे.

२०१८ मध्ये नोकरीनिमित्त पुण्याहून चेन्नईत आलेला एक सायकलस्वार या रस्त्याजवळच राहत असे. दर रविवारी पहाटे तो सायकल घेऊन बाहेर पडे. पुण्यात त्याने कात्रज आणि बोपदेव घाट अनेकदा चढलेले होते. छातीचा भाता होईपर्यंत पायडल मारावे आणि माथ्यावर पोहोचून खालची वळणे पाहावीत, यालाच तो सायकल चालवणे समजत असे. चेन्नईची जमीन त्याला पोळपाटासारखी सपाट वाटली. येथे चढ नाही, उतार नाही, मग सायकलीला तरी काय काम, असे त्याच्या मनात येई. वास्तविक भारतातील सायकलींचा एक जुना मोठा कारखाना याच शहरातील अंबत्तूर येथे होता आणि या सपाट प्रदेशात शेतकरी, शिक्षक, दूधवाला, शाळकरी मुली असे सारेच सायकलीवर फिरत आले आहेत. घाटाचा अभिमान बाळगणाऱ्यांना हे सहसा दिसत नाही.

शहर सोडून दक्षिणेकडे जाताना प्रथम सैदापेठेत अड्यार नदीचा पूल लागतो. पुढे पळवंतांगल, मीनंबाक्कमचा विमानतळ, तांबरम आणि वंडलूर. चेंगलपट्टूजवळ रस्त्यालगत कोलवै तलावाचे विस्तीर्ण पाणी दिसते. मग पालार नदी येते. तिच्या पात्रात बहुतेक दिवस पाण्यापेक्षा वाळूच अधिक असते. पालार ओलांडून काही अंतर गेल्यावर पडाळम येथे महामार्ग सोडून उजवीकडे वळले, की खरा प्रदेश सुरू होतो. अरुंद डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, मध्येच ताडाच्या झाडांची रांग, कौलारू घरांचे एखादे गाव, देवळापुढचे पायऱ्यांचे कुंड, आणि दर थोड्या अंतरावर एक तलाव. चेंगलपट्टूचा हा परिसर तलावांचा प्रदेश म्हणूनच ओळखला जातो. संपूर्ण तमिळनाडूत असे सुमारे ३९ हजार तलाव आहेत. तमिळ भाषेत मोठ्या तलावाला ‘एरी’ म्हणतात, लहान तलावाला ‘तांगल’. पळवंतांगल या नावातला तांगलही तोच. त्या स्थानकावरून लोकल गाडीने रोज ये-जा करणाऱ्यांपैकी कितीजणांच्या हे ध्यानात येत असेल, कोण जाणे.

पहिल्या काही फेऱ्यांत सायकलस्वाराला हे तलाव म्हणजे निसर्गाची शोभा वाटली. नंतर एक गोष्ट त्याला खटकू लागली. रस्ता पुष्कळदा एका उंच मातीच्या बांधाखालून जाई. बांधावर चढून पाहावे, तर पलीकडे काठोकाठ पाणी. म्हणजे तो ज्या रस्त्यावरून येत होता, त्याच्यापेक्षा पाण्याची पातळी उंच होती. शिवाय तलावाला बांध तीनच बाजूंना असे, आणि चौथी बाजू, बहुधा पश्चिमेची, मोकळी सोडलेली असे. सपाट जमिनीवर एक बाजू मोकळी ठेवली, तर पाणी त्या बाजूने निघून कसे जात नाही?

एकदा बांधाच्या मोरीपाशी एक वृद्ध शेतकरी बसलेला त्याला आढळला. मोरीला तेथे ‘मदगु’ म्हणतात. सायकलस्वाराने मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारले, “अय्या, जमीन तर सपाट आहे. मग पाणी जाते कुठे?”

“सपाट?” म्हातारा हसला. “इकडे ये, तंबी.” त्याने गवताची एक वाळकी काडी उचलून मोरीखालच्या पाटात टाकली. काडी क्षणभर जागीच थांबली, मग हळूहळू पूर्वेकडे सरकू लागली. “ती जाते तिकडे खाली. आम्ही तिच्या मागोमाग शेते केली.”

तो उतार डोळ्यांना दिसणारा नव्हता. या भागात समुद्राकडे जाताना जमीन एका किलोमीटरमागे साधारण मीटरभर खाली जाते. घाट चढणाऱ्याच्या हिशेबात हा उतारच नव्हे. परंतु पाण्याला तेवढा पुरतो. उंच बाजूने पावसाचे पाणी मोकळ्या तोंडातून तलावात शिरते, सखल बाजूचा बांध ते अडवतो, मोरीतून ते बांधाखालच्या खाचरांना मिळते. तलाव भरला, की जादा पाणी सांडव्यावरून बाहेर पडते. या सांडव्याचे तमिळ नाव ‘कलंगल’. ते पाणी वाया जात नाही. चर खणून ते खालच्या गावच्या तलावात नेलेले असते, तेथून त्याच्या खालच्या, आणि असे करत शेवटी समुद्राकडे. एकेका साखळीत कित्येक तलाव गुंफलेले आहेत. आपल्याकडे भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतील लोकांना हे चित्र परके वाटणार नाही. कोहळी समाजाने बांधलेले आणि पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेलेले तेथील तलावही अशाच सौम्य उताराच्या आधारे पाणी धरतात.

त्या दिवसापासून सायकलस्वाराचे पाय अधिक जाणते झाले. पश्चिमेकडे जाताना मांड्यांवर येणारा किंचित भार पूर्वी तो वाऱ्याच्या माथी मारत असे. आता त्याला कळू लागले, की हा वारा नव्हे, ही जमीन आहे. मोटारीत बसलेल्या माणसाला हे कधीच कळणार नाही. पायी चालणाऱ्यालाही बहुधा नाही; त्याचा वेग फार कमी.

या उताराची राखण करणे हे मोठे काम असे. मदुरांतकमच्या तलावाकाठी रामाचे एक मंदिर आहे. त्या रामाचे नाव ‘एरी कात्त रामर’, म्हणजे तलाव राखणारा राम. तेथे सांगतात, की अठराव्या शतकाच्या अखेरीस लायोनेल प्लेस नावाचा कलेक्टर असताना या तलावाचा बांध पावसाळ्यात वारंवार फुटत असे. देवळातील पुजाऱ्यांनी देवीचे मंदिर दुरुस्त करण्याची विनंती केली, तेव्हा तो म्हणाला, की यंदा तुमच्या देवाने बांध राखला तर पाहू. एका रात्री मुसळधार पाऊस कोसळत असताना तो बांध पाहायला गेला आणि त्याला दोन धनुर्धारी तरुण पहारा देताना दिसले. बांध टिकला, आणि कलेक्टरने देवीचे मंदिर बांधून दिले. धनुर्धारी कोणी पाहिले असोत वा नसोत. तुफान पावसाच्या रात्री जिल्ह्याचा अधिकारी स्वतः बांधावर जातो, हे कथेने जपून ठेवले आहे आणि त्याचे मोल कमी नाही.

तेथून जवळच असलेल्या वेडंतांगलच्या छोट्या तलावातील झाडांवर हिवाळ्यात चित्रबलाक, चमचे, पाणकावळे अशा हजारो पक्ष्यांची घरटी असतात. पक्ष्यांची विष्ठा पाण्यात पडते आणि तेच पाणी शेतात गेल्यावर खताचे काम करते. म्हणूनच गोऱ्या शिपायांनी पक्ष्यांवर बंदुका चालवल्या, तेव्हा गावकऱ्यांनी कलेक्टरकडे दाद मागितली आणि १७९८ मध्ये पक्षी राखण्याचा हक्क पदरात पाडून घेतला. पश्चिमेला उत्तिरमेरूर येथील वैकुंठ पेरुमाळ मंदिराच्या भिंतींवर इसवी सन ९२० च्या सुमाराचे शिलालेख आहेत. ग्रामसभेच्या समित्या कशा निवडाव्यात, याचे नियम त्यांत कोरलेले आहेत. नावे ताडपत्रांवर लिहून घड्यात टाकत आणि चिठ्ठी काढत. हिशेब न देणाऱ्याला पुन्हा उभे राहता येत नसे. या समित्यांमध्ये एक खास तलावाची समिती होती. ती सभा ब्राह्मण जमीनमालकांची होती, हेही सांगितले पाहिजे. बांधावर माती वाहणाऱ्यांची नावे त्या घड्यात पडत नसत.

शहरात परतल्यावर सायकलस्वार हे सारे आपल्या घरमालकीणबाईंना सांगे. आसपासचे सर्वजण त्यांना मामी म्हणत, म्हणून तोही म्हणे. एकदा मामींनी जिन्याच्या भिंतीवरची एक फिकट रेघ बोटाने दाखवली.

“हे २०१५ चे पाणी. तू तेव्हा नव्हतास.”

१ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या पावसात तांबरम येथे २४ तासांत ४९ सेंटिमीटर पाऊस पडला. चेंबरंबाक्कम तलावाचे दरवाजे उघडावे लागले. अड्यारच्या खोऱ्यातील कितीतरी लहान तलावही भरून वाहू लागले. विमानतळाची दुसरी धावपट्टी अड्यार नदीवर पूल बांधून पलीकडे नेलेली आहे. नदी तिच्यावर चढली आणि विमानतळ कित्येक दिवस बंद राहिला. पाण्याने नवीन काही केले नव्हते. ते आपल्या जुन्याच वाटेने आले होते. वाटेत आता घरे होती.

त्यानंतर चौथ्याच वर्षी, २०१९ च्या उन्हाळ्यात, शहराला पाणी पुरवणारे चारही मोठे जलाशय जवळजवळ कोरडे पडले. ते मात्र सायकलस्वाराने स्वतः पाहिले. गल्लीच्या तोंडाशी रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या घागरींची रांग लागे, आणि त्यात मामींची हिरवी घागर घेऊन तो उभा राही. जुलै महिन्यात जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. एका गाडीत २५ लाख लिटर. त्या रविवारी तो वेडंतांगलच्या रस्त्याने गेला, तेव्हा तलावांच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि पाटातून शेळ्या चालत होत्या.

नोव्हेंबरच्या एका रविवारी, ईशान्येचा पाऊस ऐन भरात असताना, तो पुन्हा त्याच बांधावर गेला. तलाव तुडुंब भरला होता. कलंगलच्या दगडी माथ्यावरून पाण्याचा पातळ पडदा नुकताच घसरू लागला होता आणि गावातली मुले त्यात पाय बुडवून ओरडत होती. म्हातारा दिसला नाही. परतीच्या वाटेवर ईशान्येचा वारा तोंडावर होता. ऐंशी किलोमीटर यायला त्याला संध्याकाळ झाली. तांबरमपासून पाऊस लागला. मांबलमला पोहोचेपर्यंत रस्त्याच्या कडेने पाणी वाहू लागले होते. लेक व्ह्यू रोडवर त्याने पायडल मारणे थांबवले. सायकल थांबली नाही. पाण्याबरोबर, पाण्याच्याच दिशेने, ती हळूहळू पुढे जात राहिली.